डब्यांवर जनावरं काढणारा गाढवे

गाढवे आमच्या खानावळीत दोन वर्षं रोज जेवायला आला. या दोन वर्षांत मी त्याला एकदाही दाराकडे तोंड करून बसलेला पाहिला नाही. कोपऱ्यातलं टेबल, तोंड भिंतीकडे, पाठ आमच्याकडे. एकदा मी विचारलं, "असा काय बसतोस रे, मास्तरांनी शिक्षा केल्यासारखा?" तो म्हणाला, "मावशी, दाराकडे बघितलं की जावंसं वाटतं."

जायला त्याला बंदी होती. पासपोर्ट पोलिसांकडे होता आणि केस सुरू होती. देश सोडायचा नाही. एका साइटवर माणूस पडून मेला, तेव्हा गाढवे तिथे सेफ्टी ऑफिसर होता. केस मिटेपर्यंत कंपनीने त्याला साइटवरून काढलं आणि इथे दुबईत, अल क्वोजच्या आपल्या स्टोअरमध्ये बसवलं. काम काय, तर हेल्मेटं आणि हातमोजे मोजायचे. राहायला कामगारांच्या इमारतीत खोली. खोली, स्टोअर आणि आमची खानावळ, एवढ्यातच तो फिरायचा. पन्नाशीचा माणूस, अंगाने सडपातळ, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं.

खानावळ माझ्या मुलाची, प्रकाशची. मी पोळ्या करते आणि भाज्यांवर नजर ठेवते. माझी शाळा चौथीपर्यंत. तिथून पुढे म्हशी राखल्या. नवरा गेल्यावर मुलाने इथे आणलं, त्याला आता अकरा वर्षं झाली. गुडघे गेलेत, बाहेर ऊन असं की रस्ता ओलांडायचीही सोय नाही, आणि आमच्या स्वयंपाकघराला खिडकी नाही. हे अशासाठी सांगते की गाढवेशी बोलायला मला वेळ भरपूर होता.

पहिल्या दिवशी प्रकाशने डब्यावर लिहायला त्याचं नाव विचारलं. रात्रीचं जेवण तो डब्यात खोलीवर न्यायचा. तो म्हणाला, "गाढवे." शेजारच्या टेबलावर दोन यूपीचे ड्रायव्हर होते. एकाने दुसऱ्याला कोपर मारलं. "गधा?"

गाढवे वळला. "हां भाई, वही. हसून घ्या. पण नाव नीट लिहा."

वीस वर्षं गल्फमध्ये काढली होती त्याने. कुठल्याही ऑफिसात हिंदी कळणारा एक तरी असतोच, त्यामुळे हसणारेही कायम भेटले. अरब साहेबांना कोणीतरी अर्थ सांगायचं, मग तेही हसायचे. बायकोने एकदा सुचवलं होतं, आडनाव बदला, गॅझेटमध्ये देऊ. तो नाही म्हणाला. पण लाज वाटायची, हे त्याने माझ्यापाशी कबूल केलं.

ती लाज गेली कचऱ्यातल्या फळ्यांमुळे. झालं असं की आमच्या शेजारची चित्रांची गॅलरी एक प्रदर्शन संपलं की सगळं सामान मागच्या कचऱ्याच्या डब्याशी टाकते. गाढवेच्या खोलीत एसीचा झोत थेट डोक्यावर यायचा. आडोसा करायला त्याने तिथून हलक्या पांढऱ्या फळ्या उचलल्या, माणसाएवढ्या उंच, आणि खाटेभोवती उभ्या केल्या. त्यांवर दगडांत कोरलेल्या जुन्या अक्षरांची चित्रं होती आणि खाली इंग्रजीत माहिती. खाटेवर पडलं की समोर तेच. वाचणार नाही तर काय करणार? असं पडून पडून तो माया लोकांची लिपी शिकला.

ही माणसं तिकडे पार अमेरिकेच्या बाजूला, मेक्सिकोच्या जंगलात. फार जुनी गोष्ट. दगडांवर लिहायची, आणि त्यांच्या लिहिण्यात जनावरांची तोंडं. मी आधी म्हणाले, "ही काय अक्षरं? ही तर जत्रेतली सोंगं आहेत." त्याने टेबलावर पसरायच्या कागदावर मार्करने एक तोंड काढलं. गोल कान, दात, गालावर ठिपके.

"हा जॅग्वार. तिकडचा ठिपक्यांचा वाघ. याला म्हणायचं बालम."

"मग हे पुढे काय चिकटवलंयस?"

"हे बा. आणि खाली हे मा. मावशी, मांजराच्या जातीची तोंडं दोन-तीन असतात. वाचणाऱ्याने भलतंच वाचू नये म्हणून तोंडाच्या आधी बा लिहायचं, नंतर मा. म्हणजे बालमच वाचावं लागतं. दुसरं काही म्हणायची सोयच नाही."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी नाही. पण लिहिणारा काळजी घेणारा असला की हटकून."

हे त्याला फार आवडायचं. मोबाइलवर शोधून शोधून नवी नवी तोंडं आणायचा. कासव म्हणजे आक. एका गावच्या राजांच्या नावात पिढ्यान्‌पिढ्या कासव यायचं. कुणाच्या नावात मगर, कुणाच्या नावात लाल पोपट. पोपटाला मो म्हणत. मी म्हणाले, "यात नवल काय? आमच्या गावात लांडगे, कोल्हे, ससाणे, घोरपडे, झालंच तर ढेकणे. ढेकणे तर पोलीस पाटील होते."

तो इतका हसला की ठसका लागला. मग म्हणाला, "तेच तर! आपण आणि ते, दोघंच. बाकी जग लाजतं."

"मग तुझं गाढव काढ की."

हसणं थांबलं. म्हणाला, "गाढव नाही. शोध शोध शोधलं. त्यांच्याकडे गाढवच नव्हतं. ते नंतर बोटीने गेलं. राजा कासव होऊ शकतो, वटवाघूळ होऊ शकतो, मला मात्र तिथेही जागा नाही." मग एकेक अक्षर जोडून त्याने नाव लिहिलं. त्यांच्याकडे ग नाही, ढ नाही. काताव्हे की असंच काहीतरी झालं. पहिलं अक्षर माशाचा पर. तो नावाचा कागद त्याने माझ्या पिठाच्या डब्यावर चिकटवला. मी दुसऱ्या दिवशी काढून टाकला, कारण डब्याचं झाकण नीट बसेना.

डब्यांची गोष्ट त्यानंतरची. आमचे रोज साठेक डबे जातात. मल्याळी, नेपाळी, बिहारी, पठाण, आपले मराठी. नावं लिहिली तर धुण्यात पुसतात, आणि मराठीत लिहिलेलं मल्याळ्याला वाचता येत नाही. आकडे घातले, तर सहा आणि नऊ उलटे धरून भांडणं. एकदा पठाणाच्या डब्यात पालक गेला. त्याने प्रकाशला फोनवर असं सुनावलं की मला स्वयंपाकघरात ऐकू आलं.

गाढवे म्हणाला, "मावशी, प्रत्येकाला एक जनावर देऊ."

चार दिवस जेवणानंतर बसून त्याने झाकणांवर रंगाने जनावरं काढली. स्टोअरमधला पिवळा रंग होता, पाइपांवर खुणा करायचा. धुऊन जात नाही. त्यानंतर एक डबा चुकला नाही. पण भांडणं नवी सुरू झाली. ज्याला कुत्रा मिळाला तो पोपट मागायला आला. टायरच्या दुकानात काम करणारा कुट्टी, आडदांड मल्याळी, त्याच्या वाट्याला वटवाघूळ आलं. तो थेट खानावळीत येऊन उभा राहिला.

"चेटा, व्हाय मी बॅट? मैंने क्या किया?"

गाढवे शांतपणे म्हणाला, "कुट्टी, एका अख्ख्या राज्याची खूण वटवाघूळ होती. राजे दगडावर कोरून घ्यायचे. तू नको म्हणतोस?"

"किंग?"

"किंग."

कुट्टी डबा बगलेत मारून गेला. दुसऱ्या दिवशी त्याने झाकणाचा फोटो बायकोला पाठवल्याचं कळलं. माझी नात सई हे सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "आजी, ही इज सो वीअर्ड." मी म्हणाले, असेल, पण डबे पोचतात.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली. साठ झाकणांत जॅग्वार एकालाही नव्हता. सगळ्यांत देखणं तोंड तेच होतं, दोघा-तिघांनी मागितलंही होतं. मी विचारलं, "वाघ कुणासाठी ठेवलायस?"

त्याने ताट पुढे सरकवलं. जेवण झालं की ताटात पोळीचा शेवटचा तुकडा फिरवायची त्याला सवय होती, ताट धुतल्यासारखं होईपर्यंत. त्या दिवशी वरण तसंच राहिलं.

"जो पडला ना, त्याचं नाव बाघवीर होतं. नेपाळचा."

मग त्याने सगळं सांगितलं. आधी तो दहा वर्षं अबू धाबीकडे रुवैसला होता, रिफायनरीत. तिथे शिस्त कडक. वर चढून, कामगारांच्या कमरपट्ट्याच्या दोरीचा हूक हाताने ओढून पाहिल्याशिवाय त्याने कधी सही केली नाही. मग पोरीच्या शिक्षणासाठी बायकोला दुबईत राहायचं होतं म्हणून या कंपनीत आला. इथला मॅनेजर म्हणाला, रोज रोज वर कशाला चढतोस, सोमवारी आठवड्याच्या सगळ्या सह्या करून टाक. सगळेच करायचे. यानेही केलं. रोजचा एक तक्ता: दोरी तपासली, हूक तपासला, पट्टा तपासला, सर्व ठीक. खाली तारीख आणि सही. सोमवारी सकाळी साइटवरच्या कंटेनरच्या ऑफिसात एसीत बसून तो सहा तक्ते भरायचा. पांढरी प्रत ऑफिसला, कार्बनची गुलाबी प्रत त्याच्याकडे.

बाघवीर मंगळवारी पडला. पट्टा बांधलेला होता, हूकही लावलेला. ज्या लोखंडाला हूक लावला होता तेच गंजून सुटलं.

"मंगळवारी संध्याकाळी मी ऑफिसात गेलो," तो म्हणाला, "तर बुधवार ते शनिवारचे तक्ते टेबलावर. सर्व ठीक. सही माझी."

मी म्हणाले, "मग चूक तुझीच."

"हो."

"मॅनेजरचीही."

"हो. पण सही माझी."

मी आत वळले. पोळ्या व्हायच्या होत्या. पुढे त्याने मला सांगितलं की इतक्या दिवसांत वकील, बायको, मेहुणा, मित्र, सगळे म्हणाले तुमची काही चूक नाही. चूक आहे असं म्हणणारी मी पहिली. याचे त्याने आभार मानले. मला ते विचित्र वाटलं.

कंपनीचा एक माणूस महिन्यातून एकदा यायचा. पीआरओ, म्हणजे कंपनीची सरकारी कामं बघणारा. हैदराबादचा, गोड बोलणारा, अत्तराचा वास. आमच्याच टेबलावर चहा घेऊन कागद काढायचा. कागदावर होतं की एका कामगाराने सूचना मोडून स्वतःहून हूक सोडला आणि तो पडला. गाढवेने साक्षीदार म्हणून सही करायची. केली की केस मिटली.

"गाढवे साहब, साइन करो और खलास. इन्शाल्ला अगले महीने बच्चों के साथ."

"नाव कुठे आहे?" गाढवे विचारायचा. "एक कामगार म्हणजे कोण? नाव टाकून आणा."

"नाम से क्या होगा, हबीबी?"

"नाव टाकून आणा."

दर महिन्याला हेच. मला वाटायचं, माणूस तत्त्वाचा आहे. नंतर कळलं, तो वेळ काढत होता. सही करायची नाही हेही त्याला जमत नव्हतं, करायची हेही नाही. पीआरओने त्याला एकदा हळूच आठवणही करून दिली होती की पांढरे तक्ते ऑफिसच्या कपाटात आहेत. ते बाहेर आले तर कंपनीही अडकेल, पण आधी गाढवे. म्हणून नावाच्या आडोशाला बसला होता. जसा खोलीत फळ्यांच्या आडोशाला.

मधे त्याच्या पोरीचं लग्न झालं, नाशिकला. बायको-पोरगी केव्हाच परत गेल्या होत्या. लग्न त्याने आमच्या खानावळीत बसून मोबाइलवर पाहिलं. प्रकाशने मोबाइल पाण्याच्या जगला टेकवून ठेवला. कन्यादान मेहुण्याने केलं. अक्षता पडल्या तेव्हा तिकडे कुणाचा तरी हात कॅमेऱ्यासमोर आला आणि याला काहीच दिसलं नाही. मी लाडू केले होते. त्याने दोन खाल्ले, "पाक चांगला झालाय" म्हणाला आणि स्टोअरला गेला. बायकोचा फोन त्यानंतर रोज यायला लागला. ती ओरडायची, टेबलाशेजारून जाताना मलाही ऐकू यायचं. "मेलेल्या माणसासाठी आम्हाला किती दिवस मारणार आहात?"

बिचारीचं काय चुकलं?

त्याला जरा हवा लागावी म्हणून प्रकाश एकदा खोर फक्कानला सामान पोचवायला जाताना त्याला आणि मला घेऊन गेला. किनाऱ्यावर कठड्याला बसलो. समोर समुद्र, बंदरात कंटेनरांनी लादलेली मोठी बोट. गाढवेने दोन मिनिटं पाहिलं आणि उठून उलट्या बाजूला, डोंगराकडे तोंड करून बसला. डोंगरावर झाड नाही की पान नाही. मी म्हणाले, "तिकडे काय बघतोस?" तो म्हणाला, "तिकडे काही नाही, हेच बरं आहे."

मग एका महिन्यात पीआरओ आला, चहा मागवला आणि खुशीत कागद पुढे केला. "लो साहब, आपकी बात रह गई."

कागदावर नाव होतं. पूर्ण नाव, बापाचं नाव, गाव, पासपोर्टचा नंबर. बाघवीर याने स्वतःहून हूक सोडला.

गाढवे तो कागद बराच वेळ धरून बसला. मी पोळी वाढायला गेले तर त्याने ताटावर हात आडवा धरला. पीआरओ निघून गेला, "बुधवारपर्यंत द्या, यल्ला" असं सांगून.

"मावशी, हे मीच करवून घेतलं," तो म्हणाला. "आधी खोटं कुणाचंच नव्हतं. एक कामगार, कुणीही. आता त्याच्या नावाला चिकटलं. त्याच्या घरी हा कागद जाणार. मुलगा आहे त्याला. तो वाचणार, बाप स्वतःच्या चुकीने मेला. आणि दुसरं काही वाचायची सोयच ठेवलेली नाही."

मग त्याने मला सरळ विचारलं, "तुम्ही काय केलं असतं?"

मी म्हणाले, "सही करून घरी जा. मेलेला परत येत नाही. तुझी पोरगी जिवंत आहे, बायको जिवंत आहे. त्या पोराला कागद वाचून काय कळणार? मोठा होईल, विसरेल."

आजही मला वाटत नाही की मी चुकीचं सांगितलं. मी म्हशी राखल्या आहेत, मला एवढंच कळतं. त्याने मान हलवली. मला वाटलं, ऐकलं.

बुधवारी सकाळी आठला तो आला. न्हालेला, भांग पाडलेला, हातात प्लॅस्टिकची पातळ फाइल. प्रकाशला म्हणाला, "डबे घेऊन त्याच बाजूला जातोयस ना? मला पोलीस ठाण्यावर सोड." प्रकाशला वाटलं, सही करायला. मलाही. त्या दिवशी मला गुडघ्याच्या डॉक्टरकडे जायचं होतं, म्हणून मीही व्हॅनमध्ये होते. वाटेत त्याने फाइल उघडून दाखवली. आत कंपनीचा कागद नव्हता. गुलाबी तक्ते होते.

प्रकाशने व्हॅन बाजूला घेतली. "काका, वेड लागलंय का? हे दिलं तर तुम्ही आत जाल."

"आता काय मी बाहेर आहे?" गाढवे म्हणाला. जोरात नाही, सहज.

प्रकाश माझ्याकडे बघायला लागला, की आई तू तरी सांग. मी जे सांगायचं ते आधीच सांगितलं होतं. एकच गोष्ट दोनदा सांगायची मला सवय नाही. म्हणाले, "चल, डबे गार होतायत."

पुढचं सांगून टाकते. त्याला शिक्षा झाली, मॅनेजरलाही झाली. त्याने ती भोगली आणि तिथूनच त्याला विमानात बसवलं. पुन्हा इथे यायची परवानगी नाही. बायकोचा प्रकाशला एकदा मेसेज आला, "पोचले. तब्येत बरी आहे." मला त्याचा फोन आला नाही. बायको त्याच्याशी बोलते की नाही, माहीत नाही. त्या नेपाळी पोराला काय कळलं, तेही माहीत नाही. कुणी विचारलं की त्याने बरोबर केलं का, तर मी म्हणते, त्याला विचारा.

मी त्याला शेवटचा पाहिला तो त्या बुधवारीच. प्रकाशला पार्किंग मिळेना, म्हणून गाढवेला आणि मला ठाण्याच्या दाराशी उतरवून तो फेरी मारायला गेला. मी आत थंडाव्याला खुर्चीवर बसले. गाढवेने टोकन घेतलं. खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी तो उभाच होता. नंबर लागल्यावर काउंटरवर गेला. पलीकडे कोवळा पोलीस, मिशी नुकती फुटलेली. गाढवेने फाइलमधून गुलाबी कागद काढले आणि कोपऱ्याला कोपरा जुळवत एकेक करून त्याच्यासमोर मांडले. पोलिसाने चाळून पाहिले. सगळे सारखेच, सर्व ठीक, खाली सही. त्याला काही कळलं नसावं. त्याने खांदे उडवले आणि कागद गोळा करून परत द्यायला लागला.

गाढवेने ते घेतले नाहीत. त्याने चष्मा लावला, काउंटरवर वाकला, दुसरा कागद काढून, बाघवीर पडला त्या मंगळवारच्या तारखेवर बोट ठेवलं आणि काहीतरी बोलला. पोलिसाची मान वर आली. मग गाढवेने तिसरा कागद काढला आणि बोट बुधवारच्या तारखेवर नेलं, आणि पोलीस उठून साहेबाला बोलवायला आत गेला तरी ते तिथून हलवलं नाही.